जमेच्या रकान्यात न दिसणारा खेळाडू

क्रिकेटच्या धावफलकात एक जुना अन्याय दडलेला आहे. फलंदाजाने काढलेली प्रत्येक धाव त्याच्या नावावर जमा होते. परंतु क्षेत्ररक्षकाने अंग झोकून देऊन वाचविलेल्या धावेची नोंद कोठेही होत नाही. झेल घेतला तर त्याचे नाव छापले जाते खरे, पण बळी पडतो तो गोलंदाजाच्या खात्यात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. गृहिणीच्या घरकामालाही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात स्थान नसतेच. अशा न मोजल्या जाणाऱ्या श्रमावर ज्याने आपली कीर्ती उभारली, तो खेळाडू म्हणजे एकनाथ धोंडू सोलकर.

त्याचा जन्म 18 मार्च 1948 रोजी मुंबईत झाला. वडील धोंडू सोलकर हे मरीन ड्राइव्हवरील पी. जे. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत, आणि त्या मैदानावरच एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. सामन्यांच्या वेळी धावफलकावरील आकडे बदलण्याचे काम लहानगा एकनाथ करी. इतरांच्या धावांचा हिशेब लावणाऱ्या ह्या मुलाने पुढे मुंबईच्या बलाढ्य संघात स्थान मिळविले आणि 1969 साली हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण केले.

फलंदाज म्हणून तो सामान्य नव्हता. 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात किंग्स्टन येथे भारताची अवस्था 5 बाद 75 झाली असता त्याने दिलीप सरदेसाईंना साथ देत 61 धावा केल्या आणि उभयतांनी 137 धावांची भर घातली. 1975 साली वानखेडे मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने शतकही झळकावले. डावखुरी मध्यमगती गोलंदाजी तो करी, गरज पडल्यास फिरकीही टाकी. तरीही 27 कसोट्यांत 1068 धावा आणि 18 बळी एवढ्या भांडवलावर कोणाचे नाव पन्नास वर्षे टिकत नाही. ते टिकले फॉरवर्ड शॉर्ट लेगमुळे.

ही जागा फलंदाजापासून अवघ्या काही पावलांवर. बेदी, प्रसन्न, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन ह्यांच्या फिरकीपुढे फलंदाज पाय पुढे टाकून बचाव करी, तेव्हा बॅट-पॅडला लागून उडणारा चेंडू उचलायला तेथे कोणी नसेल तर तो बचाव निर्धोक ठरे. सोलकर तेथे उभा राहिला की तोच बचाव जोखमीचा होई. म्हणजे त्याने झेल घेतला नाही त्या चेंडूवरही त्याचे काम चालूच असे. शिवाय, फलंदाजाने तोच चेंडू जोराने फटकावला तर क्षेत्ररक्षकाच्या अंगावर यायचा. डोक्यावर काही नाही, पुढे केवळ स्वतःचे दोन हात.

1971 च्या मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे भारताने वेस्ट इंडीजवर पहिला कसोटी विजय मिळविला. त्या सामन्यात सोलकरने सहा झेल टिपले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत कोसळला. श्रेय चंद्रशेखरच्या सहा बळींना दिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु पहिल्या डावात 90 धावा करणारा ॲलन नॉट टिकता तर चित्र पालटले असते. वेंकटराघवनच्या चेंडूवर सोलकरने पुढे सूर मारून जमिनीलगत त्याचा झेल घेतला. इंग्लंडच्या भूमीवरील भारताचा तो पहिला कसोटी विजय ठरला. पुढे 1972-73 च्या मायदेशातील मालिकेत इंग्लंडविरुद्ध त्याने 12 झेल घेतले.

भंडारदऱ्याच्या धरणाची दगडी भिंत 1926 साली पुरी झाली. त्या भिंतीवर उसाचे एक कांडेही उगवत नाही. तरीही खाली प्रवरेच्या कालव्यांवर पोसलेल्या साखरपट्ट्याचा हिशेब तिच्यावाचून लागत नाही. (धरणाच्या उशाशी राहणाऱ्यांच्या पदरात त्यातले किती पडले, हा प्रश्न निराळा, आणि टाळण्याजोगा नाही.) ह्या डोंगराळ मुलखातील मुले काटक आणि चपळ आहेत. त्यांच्याजवळ नसते ती महागडी बॅट, पॅड, सरावाची जाळी आणि शिक्षक. क्षेत्ररक्षणाला ह्यांपैकी काहीच फारसे लागत नाही. लागते ते शरीर आणि जिद्द. पण गावोगावच्या स्पर्धांत बक्षीस मिळते धावांना आणि बळींना. कबड्डीतही नाव होते ते चढाई करणाऱ्याचे, घोटा धरणाऱ्याचे नव्हे. ज्याच्याजवळ केवळ श्रमाचेच भांडवल आहे त्याला आपण स्पर्धेच्या आरंभीच बाद ठरवितो. निवड करणाऱ्यांनी वाचविलेल्या धावांची वही ठेवली तर ह्या तालुक्यातूनही वेगळी नावे वर येतील, असे मला वाटते.

सोलकरच्या वाट्यालाही हा हिशेब आलाच. जानेवारी 1977 मध्ये कोलकात्याला तो अखेरची कसोटी खेळला. वय अवघे 28. त्याच मालिकेत बंगळूरला यजुर्वेंद्र सिंह ह्या नवख्या खेळाडूने फलंदाजाच्या निकट उभे राहून सामन्यात सात झेल घेतले. 26 जून 2005 रोजी मुंबईत हृदयविकाराने सोलकरचे निधन झाले. किमान 20 कसोट्या खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंत दर सामन्यामागे झेलांचे त्याचे प्रमाण सर्वोच्च गणले जाते. तो संघाबाहेर गेल्यानंतर काही वर्षांतच क्रिकेटमध्ये शिरस्त्राण रूढ झाले. त्याच्या 53 झेलांपैकी एकही शिरस्त्राणाच्या आडून घेतलेला नव्हता.