सलमानच्या केसमुळे बिश्नोई माहीत झाले, पण त्यांना २९ नियम देणारे जांभोजी कोण होते?

सलमान खानच्या काळवीट केसमुळे बिश्नोई हे नाव घराघरात पोचलं. पण हा पंथ उभा केला तो एका गुराख्याने.

जांभोजींचा जन्म १४५१ चा. गाव पीपासर, राजस्थानातल्या नागौरजवळ. पंवार राजपुताच्या घरातला एकुलता एक पोरगा. परंपरा सांगते की त्यांनी २७ वर्षं गुरं राखली आणि आईवडील गेल्यावर सगळं वाटून टाकून समराथलच्या वाळूच्या टेकडीवर मुक्काम ठोकला.

थरच्या वाळवंटात एवढी वर्षं गुरांमागे फिरलेल्या माणसाला खेजडीची किंमत सांगावी लागत नाही. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. तिची मुळं खूप खोल जातात, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ती हिरवी असते. पाला जनावरांना, शेंगा माणसांना. तिच्याखाली बाजरीही चांगली येते, कारण ती जमिनीत नत्र धरते.

पण दुष्काळ पडला की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडायची. झाड गेलं की वाळू मोकळी, वाळू शेतात शिरली की गाव उठलंच. १४८५ च्या आसपास असाच मोठा दुष्काळ पडला आणि लोक गुरं घेऊन माळव्याची वाट धरू लागले. जांभोजींनी त्यांना थांबवलं, धान्य दिलं, असं सांगतात. त्याच वर्षी समराथलवर पंथ सुरू झाला. वीस आणि नऊ नियम, म्हणून बिश्नोई.

हिरवं झाड तोडायचं नाही, जीवांवर दया करायची, पाणी गाळून प्यायचं, सरपणातले किडे झटकून मगच जाळायचं. खरी हुशारी अशी की हे नियम रोजच्या अंघोळीच्या आणि पूजेच्या नियमांच्याच रांगेत बसवले. झाड वाचवायला राजाचा शिपाई लागत नव्हता, घरातली म्हातारी पुरेशी होती.

१५३६ मध्ये जांभोजी गेले. त्यांची समाधी बिकानेरजवळ मुकामला आहे. बिश्नोई आजही मृतांना पुरतात, चितेला लाकूड लागत नाही.

नियमांची परीक्षा झाली १७३० मध्ये, जोधपूरजवळच्या खेजडलीत. महाराजा अभयसिंहांच्या माणसांना चुन्याच्या भट्टीसाठी लाकूड हवं होतं. अमृतादेवी आणि त्यांच्या तीन मुली झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या. एकूण ३६३ माणसं मारली गेली, तेव्हा कुठे राजाने बिश्नोईंच्या गावांत वृक्षतोडीवर बंदी घातली.

१९८३ मध्ये खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष झाली. तरीही बिकानेर भागात सोलर प्रकल्पांसाठी ती तोडली जातेय, आणि तिच्यासाठी आंदोलनाला बसणाऱ्यांत बिश्नोई पुढे आहेत.