दीनानाथ दलाल : ग्रंथांच्या वेशीवरचा चित्रकार

विसाव्या शतकाच्या मध्यावर ज्या मराठी कुटुंबांत पुस्तके वाचली जात, त्या कुटुंबांत दीनानाथ दलाल हे नाव सर्वांच्या परिचयाचे होते. चित्रांची प्रदर्शने त्या काळी मुंबई-पुण्यासारख्या शहरांपुरतीच असत आणि बहुसंख्य वाचकांनी कलादालनाची पायरी कधी चढलेली नसे. असे असूनही चित्राच्या कोपऱ्यातील दलालांची सही त्यांना दुरून ओळखता येत असे. कादंबरीचे वेष्टन, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, आतील रंगीत चित्रे आणि भिंतीवरची दिनदर्शिका या चार वाटांनी दलालांची चित्रकला घरोघर पोहोचली. चित्रकाराचा लौकिक छापखान्याच्या बळावर उभा राहण्याचे इतके ठळक उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

दीनानाथ दामोदर दलाल यांचा जन्म ३० मे १९१६ रोजी गोव्यात मडगाव येथे झाला. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले, त्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. धर्मामुळे आजवर मागे राहिलेल्या गोव्यातील हिंदू समाजाला थोडा मोकळा श्वास घेता येऊ लागला होता. मराठी शाळा, वाचनालये आणि ग्रंथसंग्रह या सुमारास गावोगाव मूळ धरू लागले. तथापि चित्रकलेचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे, तर गोव्यातील होतकरू तरुणाला मुंबईची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, संगीतासाठी आणि नाटकासाठी गोमंतकीयांनी जी वाट तुडवली, तीच दलालांनीही तुडवली. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतून त्यांनी १९३७ साली पदविका मिळविली.

ते दिवस त्या कलाशाळेत स्थित्यंतराचे होते. कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत पाश्चात्त्य वास्तवदर्शी शिक्षणाच्या जोडीला भारतीय परंपरेतील रेषेचा आणि सपाट रंगाचा अभ्यास रुजला होता. अजिंठ्याची भित्तिचित्रे आणि राजपूत लघुचित्रे यांच्याकडे विद्यार्थी नव्या दृष्टीने पाहू लागले होते. १९३६ साली चार्ल्स जेरार्ड यांच्याकडे सूत्रे गेली आणि युरोपातील आधुनिक चित्रकलेचे वारे वाहू लागले. त्याआधी एकच वर्ष, १९३५ साली, तेथे व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला होता. जाहिरात, मुखपृष्ठ व भित्तिपत्रक ही कामेही शिकण्याजोगी आहेत, हे त्या निमित्ताने प्रथमच मान्य झाले. दलालांच्या पुढील कामात या तिन्ही प्रवाहांच्या खुणा दिसतात. मानवी देहाचे अचूक ज्ञान, लयदार भारतीय रेषा आणि मुद्रणाच्या गरजांची जाण यांचा मेळ त्यांच्या ठायी पडला होता.

मराठी घरांत छापील चित्र नवे नव्हते. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली आणि देवदेवतांची व ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापाची चित्रे भिंतींवर लागली. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढल्यावर तैलरंगाची झळाळी असलेली चित्रे सामान्य माणसाच्या देवघरापर्यंत गेली. पुढचे पाऊल नियतकालिकांनी टाकले. 'मनोरंजन' मासिकाचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला आणि मजकुराच्या बरोबरीने चित्रांना मान दिला. मित्र यांचे मूळ आडनाव आजगावकर. त्यांचे आजगाव पेडणे महालाच्या उत्तरेस, तेरेखोल नदीपलीकडे आहे. दिवाळी अंकाच्या प्रथेचा उगम एका अर्थी मांद्र्याच्या शेजारचा आहे, आणि त्या प्रथेला चित्रांचे वैभव देणारा कलावंतही गोव्यानेच दिला, ही गोष्ट या भागातील वाचकांना अभिमानाची वाटावी.

शिक्षण पुरे झाल्यावर दलालांपुढे दोन मार्ग होते. तैलचित्रे रंगवावीत, प्रदर्शनांत मांडावीत आणि धनिकांच्या किंवा संस्थानिकांच्या आश्रयाची वाट पाहावी, हा प्रतिष्ठेचा मार्ग. प्रकाशकांची आणि नियतकालिकांची कामे घ्यावीत, हा पोटाचा मार्ग. दुसऱ्या मार्गावर चालणाऱ्याला कलावंत म्हणून कमी लेखण्याची रीत तेव्हा होती व ती पूर्णपणे गेली असे आजही म्हणता येत नाही. दलालांनी तो मार्ग पत्करला. त्यांनी पुस्तकांची वेष्टने केली, कथाचित्रे काढली, राजकीय व्यंगचित्रे काढली. काही वर्षांतच मुंबईत केनेडी पुलाजवळ त्यांचा 'दलाल आर्ट स्टुडिओ' उभा राहिला आणि मराठी प्रकाशकांचे पाय तिकडे वळू लागले.

हे काम कशा स्वरूपाचे होते, हे समजल्याशिवाय दलालांचे मोल कळणार नाही. आजच्यासारखी संगणकावर रंगसंगती बदलून पाहण्याची सोय त्या काळी नव्हती. साध्या रेषाचित्राचे छायाचित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून, नको असलेला भाग आम्लाने खाऊन टाकून लाइन ब्लॉक तयार होई. छायाप्रकाश असलेल्या चित्रासाठी बारीक जाळीच्या काचेतून छायाचित्र घ्यावे लागे. त्यामुळे चित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होई आणि त्या ठिपक्यांवरून हाफटोन ब्लॉक बने. बहुरंगी चित्र म्हटले की पिवळा, तांबडा, निळा आणि बहुधा काळा असे वेगवेगळे ब्लॉक आले. प्रत्येक रंगासाठी कागद पुन्हा यंत्रातून काढावा लागे. एखादा रंग केसभर सरकला की चेहऱ्याची रया जाई. ब्लॉक वाढला की खर्च वाढे आणि मराठी प्रकाशकाची थैली नेहमीच हलकी असे.

अशा स्थितीत मुखपृष्ठाच्या चित्रकाराला ब्रश उचलण्यापूर्वीच हिशेब करावा लागे. दोनच रंगांत तिसऱ्याचा भास कसा होईल, कागदाचा पांढरेपणा रंग म्हणून कसा वापरता येईल, बारीक छटा छापताना मरतील तेव्हा तेथे रेषेनेच काम कसे भागवता येईल, याचा विचार आधी करायचा. ही बंधने दलालांनी अंगी मुरवली. त्यांची रेषा ठाम, वाहती आणि स्वच्छ असे आणि तिच्यात जाडीबारकीचा खेळ असे. रंगांचे सपाट, निश्चित पट्टे एकमेकांना उठाव देत. पुस्तकाचे नावही ते चित्राचाच एक भाग मानून रेखाटीत. मूळ चित्र भिंतीवर शोभते की नाही, यापेक्षा ते छापल्यावर कसे उतरते, याकडे त्यांचे लक्ष असे. मुद्रित प्रत ही मूळ चित्राची नक्कल नसून तीच खरी कलाकृती आहे, अशा श्रद्धेने केलेले हे काम होते.

दलालांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पुस्तकागणिक बदलणारी त्यांची शैली. सामाजिक कादंबरीतील मध्यमवर्गीय नायिका, ऐतिहासिक कादंबरीतील घोडेस्वार, पुराणातील अप्सरा, विनोदी कथेतील फजीत झालेला गृहस्थ आणि मुलांच्या गोष्टीतील प्राणी हे सारे त्यांच्या हातून उतरले, परंतु एकाच साच्यातून नव्हे. वि. स. खांडेकर आणि ना. सी. फडके यांच्या पिढीपासून रणजित देसाई, शिवाजी सावंत यांच्या पिढीपर्यंत मराठी कादंबरीचा बाह्यवेश बदलत गेला, त्या बदलात दलालांचा मोठा वाटा आहे. याच काळात मूळचे गोव्याचे असलेले आणखी एक चित्रकार, रघुवीर मुळगावकर, तितकेच लोकप्रिय झाले. डिचोली महालातील मुळगावची आठवण करून देणारे त्यांचे नाव घरोघरच्या देवादिकांच्या चित्रांवर झळकले. फवाऱ्याच्या तंत्राने आलेली मऊ, तुकतुकीत कांती हे मुळगावकरांचे सामर्थ्य, तर रेषा आणि रचना हे दलालांचे. दोघांचे चाहते आपापल्या बाजूने हिरिरीने वाद घालीत. गोव्याच्या मातीतील दोन चित्रकार मराठी वाचकाच्या डोळ्यांवर एकाच वेळी राज्य करीत होते, हे मात्र दोन्ही पक्षांना मान्य करावे लागे.

१९४५ साली दलालांनी 'दीपावली' हा वार्षिक अंक सुरू केला. दुसरे महायुद्ध नुकतेच संपत होते व कागदाची टंचाई होती. दुसऱ्यांच्या पुस्तकांना रूप देणाऱ्या चित्रकाराने स्वतः प्रकाशक व संपादक होणे हे धाडसच होते. परंतु त्यामागे निश्चित विचार दिसतो. प्रकाशकाच्या पुस्तकात चित्र नेहमी मजकुराच्या सेवेला असते. 'दीपावली'च्या पानांत चित्राला स्वतःचे घर मिळाले. ऋतू, नायिका, संस्कृत काव्यांतील प्रसंग, भारतीय लोकजीवन अशा विषयांवरील त्यांच्या चित्रमालिका तेथे रंगीत छापल्या गेल्या. वाचक कथा-कवितांच्या बरोबरीने या चित्रांची वाट पाहत. अनेकांनी ती पाने अंकातून सोडवून चौकटीत बसविली. प्रदर्शनात एका धनिकाने विकत घ्यावे आणि दिवाणखान्यात लावावे, त्याऐवजी एकच चित्र हजारो घरांत एकाच दिवाळीला पोहोचावे, असा हा व्यवहार होता. अंकाच्या किमतीत वाचकाला कथा मिळत आणि कलासंग्रहही मिळे.

गोव्यात ही पुस्तके आणि अंक पोहोचण्याची वाट सोपी नव्हती. मुंबईहून आगबोटीने पणजीला किंवा वेंगुर्ल्याला, अथवा लोंढ्यावरून रेल्वेने मडगावला, असा त्यांचा प्रवास असे. पेडणे महालाला वेंगुर्ले आणि शिरोडे जवळचे. ज्या शिरोड्याच्या शाळेत खांडेकरांनी १९२० पासून १९३८ पर्यंत अध्यापन केले, ते गाव तेरेखोलच्या पैलतीरावर. परंतु मधे दोन राजवटींची सरहद्द होती, जकातीची चौकी होती आणि पोर्तुगीज सत्तेची छापील मजकुरावर करडी नजर होती. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि सरहद्दीवरील रहदारी जवळजवळ थांबली. अशा काळात हाती आलेला मराठी अंक अनेक हातांतून फिरे आणि त्याचे पान न् पान वाचले जाई. दलालांच्या जन्मभूमीत त्यांचे चित्र काही वर्षे अशा चोरपावलांनीच येऊ शकत होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि हा अडसर कायमचा दूर झाला.

मुक्तीनंतरचे दशक हे दलालांच्या आयुष्यातील अखेरचे दशक ठरले. कामाचा वेग मात्र मंदावला नव्हता. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती' या ग्रंथातील त्यांच्या चित्रांनी शिवकालाचे एक रूप मराठी मनावर उमटविले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'चे त्यांनी केलेले मुखपृष्ठ त्या कादंबरीशी इतके एकरूप झाले की कर्ण म्हटला की अनेकांना तेच चित्र आठवते. १५ जानेवारी १९७१ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'दीपावली' त्यांच्या मागेही निघत राहिला.

दलालांच्या कार्याचे मोजमाप करताना एक अडचण येते आणि तिचा संबंध थेट ग्रंथालयांशी आहे. तैलचित्राला संग्रहालय सांभाळते. मुखपृष्ठाला सांभाळणारे कोणी नसते. पुस्तक छापून झाले की मूळ चित्र प्रकाशकाच्या फडताळात पडून राही. ब्लॉकच्या धातूला पुन्हा किंमत असल्याने ब्लॉकही फार काळ टिकत नसत. उरे ते केवळ पुस्तकावरचे वेष्टन. सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तक टिकावे म्हणून त्याची पक्की बांधणी करतात. त्या वेळी कागदी वेष्टन काढून टाकले जाते आणि कापडी पाठीवर पुस्तकाचे नाव व क्रमांक तेवढा राहतो. दिवाळी अंकांची गत याहून वाईट. हातोहात फिरून मुखपृष्ठ प्रथम फाटते आणि रंगीत पाने नाहीशी होतात. वाचकापर्यंत चित्र नेण्याचे श्रेय ग्रंथालयांचे आहे, आणि त्याच ग्रंथालयांच्या नित्याच्या व्यवहारात ते चित्र हरवतही गेले आहे. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. मजकूर वाचविणे हे ग्रंथपालाचे पहिले कर्तव्य आणि वाचकांची वर्दळ हे ग्रंथालयाचे भाग्यच होय.

परंतु शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाने या गोष्टीचा विचार करणे उचित ठरेल. जुन्या कपाटांत अजूनही काही पुस्तके मूळ वेष्टनासह असतात. ती पुनर्बांधणीला जाण्यापूर्वी वेष्टन सोडवून, सपाट करून, पुस्तकाच्या नावासह आणि वर्षासह स्वतंत्र संचिकेत ठेवता येते. जुन्या दिवाळी अंकांतील रंगीत पानांची नोंद करता येते. गोव्यातील गावागावांच्या ग्रंथालयांनी एवढे केले, तरी मडगावच्या या सुपुत्राच्या तीस-पस्तीस वर्षांच्या श्रमांचा मोठा भाग त्याच्याच भूमीत एकत्र होऊ शकेल. दलालांनी आपली कला वाचकांच्या हवाली केली होती. ती जपण्याचे काम आता वाचकांच्या संस्थांकडे आले आहे.