मातोश्री अहिल्याबाई : एक आई, एक आजी

श्रावण वद्य चतुर्दशीला इंदुरात अहिल्याबाईंची पालखी निघते. दुसऱ्या दिवशी पिठोरी अमावास्या, म्हणजे आपला मातृदिन, आणि त्यानंतर चार दिवसांत घरोघरी गणपती बसतात. पालखीपुढे आपण हात जोडतो ते देवी म्हणून. होळकरांच्या दप्तरात मात्र त्यांचा उल्लेख 'मातोश्री' असा येतो. गणेशोत्सवाच्या या स्मरणिकेत आम्हाला आठवण करायची आहे ती या मातोश्रींची. त्या कोणाच्या तरी आई होत्या, आजी होत्या, हे देवत्वाच्या तेजात विसरून जाते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी हे त्यांचे माहेर. गावचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. १७३३ साली मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी लग्न होऊन त्या होळकरांच्या घरी आल्या. पुढे मालेराव आणि मुक्ताबाई अशी दोन मुले झाली.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. बाई तेव्हा एकोणतिशीच्या आत होत्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवले. पोटचा पोर गेला, आता तूच माझा आधार, अशी म्हाताऱ्या सासऱ्याची विनवणी होती आणि सुनेने ती ऐकली. त्यानंतर मल्हाररावांनी त्यांना माजघरात बसवून ठेवले नाही. वसुली, हिशेब, फौजेची रसद ही कामे त्यांच्याकडे आली. १७६५ च्या एका पत्रात तर ते सुनेला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरीस जायला सांगतात.

१७६६ मध्ये आलमपूर मुक्कामी मल्हारराव वारले. गादीवर आलेले मालेराव वर्षभराच्या आत गेले. सासरा आणि मुलगा असे पाठोपाठ गेल्यावर, बाईंनी दत्तक घेऊन बाजूला व्हावे असा कारभारी गंगाधर यशवंत यांचा बेत होता. राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले. बाईंनी घाबरून न जाता आपली फौज सज्ज केली आणि इतर सरदारांशी संधान बांधले. लढाईची वेळ आली नाही. माधवराव पेशव्यांनी त्यांचाच अधिकार मान्य केला. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे देऊन बाईंनी नर्मदाकाठी महेश्वरी राहून जवळजवळ तीस वर्षे राज्य सांभाळले.

काशी विश्वेश्वर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर ही कामे सर्वांना ठाऊक आहेत. हा खर्च त्यांनी आपल्या खासगी उत्पन्नातून केला. माळव्यात आलेल्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने बाईंना पाहिलेल्या माणसांकडून त्यांच्या आठवणी गोळा केल्या. त्यांत लहान लहान गोष्टी आहेत. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पोथीश्रवण, दानधर्म, साधे जेवण. दुपारी दोनपासून संध्याकाळपर्यंत दरबार, आणि रात्री पुन्हा काम. महेश्वरच्या आसपास भर दुपारी शेतात नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजायला बाईंची माणसे जात. शेतकऱ्यांनी आपल्या पिकावरून हाकललेल्या पाखरांसाठी त्यांनी काही शेते विकत घेऊन ठेवली होती. असा विचार घरातल्या आजीलाच सुचावा.

मुक्ताबाईंचे लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झाले होते. त्यांचा मुलगा नथ्याबा हा बाईंचा एकुलता नातू. तो ऐन तारुण्यात वारला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. बाईंनी लेकीची परोपरीने विनवणी केली. पण नवरा आणि एकुलता मुलगा गेला. आई वृद्ध, तीही गेल्यावर आपण कोणासाठी जगायचे, असे मुक्ताबाईंचे म्हणणे होते. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याचा शब्द सुनेने मानला होता. आज आईचा शब्द लेकीने मानला नाही. एवढ्या मुलखावर हुकूम चालणाऱ्या बाईंचा घरात इलाज चालला नाही.

त्या लेकीच्या सोबत नर्मदाकाठापर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला आणि सुटण्यासाठी त्या झगडू लागल्या, असे माल्कमने लिहून ठेवले आहे. नंतर वाड्यात परतून तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही, शब्दही उच्चारला नाही. पुढे लेकीच्या स्मरणार्थ त्यांनी महेश्वरी सुंदर स्मारक बांधविले आणि पुन्हा कारभारात लक्ष घातले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वरीच त्यांनी देह ठेवला. दौलत तुकोजींकडे गेली.

आपल्यापैकी कित्येकांची घराणी होळकर, शिंदे, पवार, गायकवाड यांच्या मागोमाग इकडे येऊन स्थिरावली. बाईंच्या नीट कारभाराची सावली अशा अनेक घरांवर पडली. त्यांचे दुःख मात्र त्यांनी एकटीने सोसले. म्हणून त्यांना नमस्कार करताना हे दुःखही आपल्याला ठाऊक असावे, असे आम्हाला वाटते.

पिठोरीला आई वाण डोक्यावरून मागे धरते आणि मागे अतिथी कोण, असे विचारते. मुलाने आपले नाव सांगायचे असते. १७९१ नंतर मातोश्रींच्या मागे नाव सांगायला पोटचे कोणी उरले नव्हते. पालखीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या घरी हे वाण दिले जाईल, तेव्हा मुलानातवंडांना मातोश्रींची ही हकीगत जरूर सांगावी. त्यांच्या मागे उभे राहून नाव सांगण्याचा मान आता आपलाच आहे.