पंडिता रमाबाईंचा विश्वास : दुष्काळातून मुक्तिसदनाकडे

पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा विचार मराठीत मुख्यतः दोन अंगांनी झाला आहे. स्त्रीसुधारणेच्या इतिहासात त्यांचे स्थान १८८० नंतरच्या दहा-बारा वर्षांतील कार्यामुळे निश्चित झाले, तर वाङ्मयेतिहासाने ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) आणि अमेरिकेवरील प्रवासवृत्त (१८८९) या दोन ग्रंथांची नोंद घेतली. या दोन्ही विचारांत १८९३ नंतरच्या रमाबाई धूसर होत जातात. केडगावची जवळजवळ पंचवीस वर्षे मिशनरी वाङ्मयाच्या स्वाधीन केली गेली. स्वतः रमाबाईंना मात्र आपल्या आयुष्याचे सार याच कालखंडात दिसत होते. देवावर भरवसा टाकून जगणे म्हणजे काय, या प्रश्नाचे जे उत्तर त्यांनी प्रत्यक्ष जगून दिले, ते समजून घेतल्याखेरीज त्यांच्या पूर्वायुष्याचाही नीट उलगडा होत नाही, अशी प्रस्तुत लेखाची धारणा आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न संस्कृत पंडित होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले आणि त्यापायी स्वकीयांचा रोष पत्करला. अतिथी, विद्यार्थी आणि यात्रेकरू यांच्या सेवेत त्यांची सारी मालमत्ता संपली. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून व नदीच्या घाटांवर पुराणे सांगत आणि श्रोत्यांच्या दक्षिणेवर निर्वाह करीत हिंडू लागले. मातेकडून मुखोद्गत केलेले संस्कृत ग्रंथ हेच रमाबाईंचे शालेय शिक्षण होय. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा उरलेसुरले द्रव्य व्रते, दाने आणि ब्राह्मणभोजने यांत खर्ची पडले. देव काहीतरी मार्ग दाखवील, या श्रद्धेने ते कुटुंब उपाशी राहिले. प्रथम वडील, मग आई आणि त्यानंतर थोरली बहीण, असे तिघे अल्पावधीत मृत्यू पावले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास तेवढे वाचले आणि बव्हंशी पायी प्रवास करीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले.

ही घटना चरित्रकार बहुधा करुणरसाच्या अंगाने सांगतात. तिचे वैचारिक महत्त्व याहून अधिक आहे. रमाबाईंचे आईवडील नास्तिक वा शिथिलाचार नव्हते. त्यांनी देवावर संपूर्ण भार टाकला होता आणि तरीही ते अन्नावाचून गेले. पुढे १८९७ च्या सुमारास आपल्या दुष्काळातील अनुभवांविषयी लिहिताना रमाबाईंनी या शोकांतिकेचे कारण निर्भीडपणे शोधले. कुटुंबातील कोणालाही हाताने करावयाचे एखादे काम येत नव्हते, आणि उच्च जातीच्या अभिमानामुळे मजुरी करणे वा उघड भीक मागणे त्यांना शक्य नव्हते, हे त्यांनी मान्य केले. श्रद्धेला श्रमाची जोड नसेल तर ती माणसाला कोठे नेऊन सोडते, याचा हा प्रत्यक्षानुभव होता. अशा अनुभवातून गेलेल्या स्त्रीने उत्तरायुष्यात पुन्हा केवळ देवाच्या भरवशावर शेकडो जिवांचा भार उचलावा, हा त्यांच्या चरित्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाधी मिळाल्या. १८८० मध्ये बंधूंचे निधन झाले आणि त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी त्यांनी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली. १८८२ च्या आरंभी पती निवर्तले. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्याने रमाबाईंचा शोध संपला नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी आणि चर्चच्या अधिकाराविषयी सतत प्रश्न उपस्थित केले. शास्त्रीपंडितांच्या अधिकारातून सुटून बिशपांच्या अधिकाराखाली जाण्याची त्यांची तयारी नव्हती. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. पुढील वर्षी त्यांचा उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. या संस्थेने दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या गोदूबाई या शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या आसपास, रमाबाईंच्या आंतरिक जीवनात निर्णायक पालट झाला. आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला लाभला नाही, या जाणिवेने त्या अस्वस्थ झाल्या होत्या. येथे मराठी शब्दकळेचा थोडा विचार करणे उपयुक्त ठरेल. मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘विश्वास’ हा एकच शब्द मत मान्य करणे आणि एखाद्यावर विसंबणे या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. वारकरी परंपरेने दुसऱ्या अर्थासाठी ‘भाव’ हा शब्द घडविला, तर बोलीभाषेत त्याला ‘भरवसा’ म्हणतात. १८८३ चा विश्वास मुख्यतः पहिल्या अर्थाचा होता. १८९१ नंतर तो भरवशाच्या अर्थाने त्यांच्या जीवनात उतरला. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हा भेद स्वतःच स्पष्ट केला आहे.

या पालटाचे सामाजिक परिणाम लवकरच दिसू लागले. शारदासदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल, असे आश्वासन देण्यात आले होते. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली स्वेच्छेने तेथे येऊन बसत. हा तटस्थतेचा भंग आहे की नाही, यावर १८९३ मध्ये पुण्यात मोठा वाद झाला. ‘केसरी’ने कठोर टीका केली. रानडे आणि भांडारकर यांचा समावेश असलेल्या सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. परावलंबी अवस्थेतील विधवा मुलींच्या बाबतीत स्वेच्छा कितपत स्वतंत्र असू शकते, हा टीकाकारांचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. परंतु स्वतःच्या घरात उघडपणे उपासना करण्याचा अधिकार सोडण्यासही रमाबाई तयार नव्हत्या. मानवी आश्रयाच्या अटी किती जाचक असतात, हे या प्रकरणाने त्यांच्यापुढे स्पष्ट झाले.

याच काळात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथाश्रमाची हकीकत त्यांच्या वाचनात आली. कोणाकडेही पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर म्यूलर यांनी सुमारे दोन हजार मुलांचा सांभाळ केला होता. चायना इनलँड मिशनचा वृत्तान्त आणि जॉन पेटन यांचे चरित्रही त्यांनी वाचले. जे इंग्लंडात आणि चीनमध्ये घडले ते हिंदुस्थानात का घडू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. तथापि, केवळ विचार करून त्या थांबल्या नाहीत. अमेरिकन साहाय्याची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार हे ध्यानी घेऊन त्यांनी पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेतली होती. तेथे विहिरी खणून फळबाग लावण्यात आली.

भीमेच्या खोऱ्यातील हा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. याच जिल्ह्याच्या उत्तरेस, कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकसारख्या गावांतून आलेल्या विद्यार्थ्यांपुढे रमाबाईंचे चरित्र शिकविताना विहिरीचा हा तपशील मुद्दाम सांगावा असा आहे. विहीर खणणारा शेतकरी पाणी लागेलच अशी हमी घेऊन कुदळ मारीत नाही, आणि पाणी लागावे म्हणून नुसता बसूनही राहत नाही. रमाबाईंच्या विश्वासाचे स्वरूप काहीसे असेच होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे निराधार स्त्रिया व मुली त्यांनी आणल्या. या मुलींमध्ये त्यांना आपले गत जीवन दिसत होते. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून केडगावच्या माळावर वस्ती झाली आणि तिचेच पुढे मुक्तिसदन बनले. प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी विटंबना त्यांनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून उघडकीस आणली. सरकारची मर्जी राखण्याची गरज न उरलेल्या व्यक्तीचे हे लेखन होते. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर केडगावातील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

मुक्तिसदनातील दिनक्रम पाहिला म्हणजे बालपणीच्या दुष्काळाने दिलेला धडा रमाबाई विसरल्या नव्हत्या, हे ध्यानी येते. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छपाई, शुश्रूषा आणि अध्यापन यांपैकी काही ना काही काम तेथील प्रत्येकीला शिकावे लागे. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली जाई. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. आईवडिलांच्या श्रद्धेत जे नव्हते, ते हाताचे काम या नव्या श्रद्धेचा अविभाज्य भाग झाले. १९०७ च्या साक्षीत संस्थेजवळ बँकेतील शिल्लक वा कायम निधी नसल्याचे त्या समाधानाने सांगतात. अर्थात, या भूमिकेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. अमेरिकेतील मंडळाचे साहाय्य पुढेही येत राहिले, आणि संस्थेच्या अहवालांतून गरजा वाचकांपर्यंत पोहोचतच होत्या. देवाकडे मागणे आणि माणसांना कळविणे यांतील सीमारेषा व्यवहारात पुसट होती. तरीही कोणत्याही देणगीदाराला संस्थेच्या अंतर्गत जीवनावर हक्क सांगता येऊ नये, हे सूत्र रमाबाईंनी सोडले नाही.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द अल्पशिक्षित स्त्रियांना दुर्बोध वाटतात आणि त्यांतून परक्या तत्त्वज्ञानाच्या छटा येतात, असे त्यांचे मत होते. संस्कृतच्या पांडित्यावर कीर्ती मिळविलेल्या विदुषीने संस्कृतचा आधार जाणीवपूर्वक दूर सारणे, ही मराठी गद्याच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे. ही भाषा काही ठिकाणी ओबडधोबड वाटते, हे खरे. पण जिच्यासाठी ती लिहिली, ती वाचक मराठी वाङ्मयाने तोवर फारशी गृहीत धरलेली नव्हती. खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले.

१९२१ मध्ये मनोरमाबाईंचा मृत्यू झाला. आईच्या कार्याचा उजवा हात आणि भावी उत्तराधिकारी म्हणून त्यांच्याकडे पाहिले जात होते. या आघातानंतरही रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते पूर्ण होताच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रकाशित झाला.

भरवशाने जगणाऱ्याला दुःख चुकते, असा निष्कर्ष या चरित्रातून निघत नाही. आईवडील, भावंडे, पती आणि कन्या अशा सर्वांचे मृत्यू रमाबाईंनी पाहिले. जन्मभूमीतील सुशिक्षित समाजाची सहानुभूतीही त्यांनी गमावली. त्यांच्या विश्वासाने त्यांना दिले ते एवढेच, की कोणत्याही मानवी सत्तेपुढे, मग ती शास्त्र्यांची असो, बिशपांची असो, सुधारकांची असो वा सरकारची, आपली बुद्धी गहाण ठेवण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यांच्या साक्षीकडे आणि भाषांतराकडे या दृष्टीने पुन्हा वळण्याची आवश्यकता आहे. बाबा पद्मनजींचे ‘अरुणोदय’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यांच्या मध्ये रमाबाईंची साक्ष ठेवून वाचली, तर मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनाची एक सलग परंपरा आपल्यापुढे उभी राहू शकेल.