लोकशाहीचा पाया घालणारा राजा

कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतरावांचा जन्म झाला. 1884 साली ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा विद्या व अधिकार मूठभरांच्या हाती होते. जन्माने लाभलेली सत्ता जन्मसिद्ध विषमता मोडण्यासाठी वापरणे, हेच त्यांचे जीवितकार्य ठरले.

26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्याने त्यांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. परंतु शिक्षणावाचून हक्क पोकळ राहतो, हे महाराज जाणून होते. म्हणून खेड्यापाड्यांतील मुलांसाठी त्यांनी विविध जातिधर्मांची वसतिगृहे उभी केली. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता.

1918 साली त्यांनी महार वतनाच्या वेठीतून माणसे मुक्त केली. पुढील वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुले एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम निघाला. केवळ हुकमाने मने पालटत नाहीत, हेही त्यांना ठाऊक होते. पाण्याला स्पर्श केला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तेथे चहा घेतला. कायद्यास आचरणाची जोड देणारा असा राजा विरळाच.

‘मूकनायक’ पत्रास त्यांनी अर्थसाहाय्य दिले. मार्च 1920 मध्ये माणगाव परिषदेत उपस्थित राहून त्यांनी तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाचा गौरव केला. 6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले.

पुढे 26 जानेवारी 1950 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालील मसुदा समितीने घडविलेले संविधान अमलात आले. त्याच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम 15 ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व तळी सर्वांस खुली केली. एका संस्थानातील हुकूम देशाचा मूलभूत हक्क झाला. मात्र राजाने दिलेला हक्क पुढचा राजा काढून घेऊ शकतो. संविधानाने दिलेला हक्क जपण्याची जबाबदारी नागरिकांची असते. वसतिगृहात एका पंगतीत जेवणाऱ्या, एका बाकावर शिकणाऱ्या मुलामुलींनी हा वारसा पुढे न्यावा, हेच राजर्षींना खरे अभिवादन होय.