ज्योत्स्ना भोळे

१ जुलै १९३३ रोजी मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा मराठी रंगभूमीची अवस्था कठीण होती. १९३१ साली 'आलम आरा' आणि पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले व प्रेक्षक चित्रपटगृहांकडे वळले. रात्र रात्र चालणारी संगीत नाटके आणि एकेका पदाला मिळणारे अनेक 'वन्स मोअर' यांची सवय झालेल्या नाटक मंडळ्या एकामागून एक कर्जात बुडू लागल्या. अशा वेळी काही सुशिक्षित तरुणांनी 'नाट्यमन्वंतर' ही संस्था काढली आणि नव्या तऱ्हेचे नाटक रंगभूमीवर आणले. त्या नाटकातील बिंबाची भूमिका करणारी तरुणी अवघी एकोणीस वर्षांची होती. ती मूळची मुंबईचीही नव्हती.

तिचा जन्म ११ मे १९१४ रोजी गोव्यातील बांदिवडे या गावी झाला. माहेरचे नाव दुर्गा केळेकर. गोवा त्या काळी पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज, घरातली बोली कोकणी. परंतु देवळाच्या जत्रेत जे नाटक होई ते मात्र मराठी असे. बांदिवडे हे महालक्ष्मी आणि नागेश यांच्या देवस्थानांचे गाव. फोंड्याच्या या परिसरात गाणे हे देवळाच्या नित्यक्रमाचाच भाग होते. तथापि ज्या स्त्रियांनी हे गाणे पिढ्यान्‌पिढ्या जतन केले त्यांना समाजाने मान मात्र दिला नाही. विद्येसाठी आणि सन्मानाने जगता यावे यासाठी गोव्यातील अनेक गायिका त्या काळात मुंबईस आल्या. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ही त्यांतील सर्वांना ठाऊक असलेली नावे होत. दुर्गाही लहान वयातच, थोरली बहीण गिरिजाबाई हिच्या आधाराने, मुंबईत आली. आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे तिला तालीम मिळाली. नभोवाणीवरून तिचा आवाज लोकांच्या कानी पडू लागला.

१९३२ साली केशवराव भोळे यांच्याशी तिचा विवाह झाला आणि दुर्गा केळेकर हिची ज्योत्स्ना भोळे झाली. केशवराव वैद्यकाचे शिक्षण सोडून संगीताकडे वळलेले, चोखंदळ कानाचे समीक्षक व संगीतकार होते. पुढे 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' या चित्रपटाचे संगीत त्यांनीच दिले. गाणे म्हणजे केवळ तानांची आतषबाजी नव्हे, शब्दाचा अर्थ श्रोत्याच्या मनापर्यंत पोचला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ज्योत्स्नाबाईंच्या गोड, भावपूर्ण आवाजाला हे वळण फार मानवले.

'आंधळ्यांची शाळा' हे श्री. वि. वर्तक यांनी नॉर्वेचे नाटककार ब्यर्न्सन यांच्या नाटकावरून लिहिलेले होते. स्त्रीकडून ज्या शुद्ध आचरणाची अपेक्षा केली जाते, तीच पुरुषाकडून का केली जाऊ नये, असा या नाटकाच्या नायिकेचा सवाल आहे. हा सवाल लुगडे नेसलेल्या पुरुषाने विचारणे आणि स्त्रीने स्वतः विचारणे यांत केवढे अंतर आहे! बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी दोन पिढ्यांना वेड लावले होते, आणि ते योग्यच होते. स्त्रिया त्यापूर्वी रंगमंचावर आल्याच नव्हत्या असेही नाही. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ साली स्वतःची नाटकसंस्था काढली होती. परंतु प्रतिष्ठित घरातील विवाहित स्त्रीने परपुरुषांबरोबर काम करावे, हे पुष्कळांना रुचत नव्हते. या प्रयोगात ज्योत्स्नाबाईंबरोबर पद्माबाई वर्तकही होत्या. पदे मोजकी होती, ती प्रसंगातूनच उमलत होती आणि संगीत केशवरावांचे होते. बिंबा गाण्यासाठी थांबत नव्हती. बोलता बोलता गात होती. नव्या नाटकाचे खरे नवेपण मला नेपथ्यापेक्षा येथे दिसते.

नाट्यमन्वंतर ही संस्था थोड्याच वर्षांत बंद पडली. मराठी नाटक पुन्हा उभे राहते की नाही अशी शंका असताना मो. ग. रांगणेकर यांनी 'नाट्यनिकेतन' ही संस्था सुरू केली आणि १९४२ साली 'कुलवधू' हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातील भानुमती ही नटी आहे. तिची कीर्ती आणि तिची कमाई नवऱ्याला सलू लागते, आणि कुलवधूचे कर्तव्य कोणते हा प्रश्न घरात उभा राहतो. ही भूमिका करणारी ज्योत्स्नाबाई स्वतःही नटी होती आणि गृहिणीही. घरी मुले, संसार, आणि संध्याकाळी रंगमंच. प्रेक्षकांना हे ठाऊक होते, म्हणूनच भानुमतीचे दुःख त्यांना उसने वाटले नसावे. मास्टर कृष्णरावांनी बांधलेल्या चालींवर त्यांनी गायिलेली पदे घरोघरी गेली. ज्या घरांत मुलीला नाटकात धाडणे अशक्य होते, त्या घरांतील मुलीही ती पदे गुणगुणत होत्या.

रांगणेकरांच्या पुढील नाटकांतही त्यांनी कामे केली. मामा वरेरकरांच्या 'भूमिकन्या सीता' या नाटकातही त्यांनी भूमिका केली. भावगीताच्या क्षेत्रातही त्यांचे नाव मोठे आहे. 'आराधना' हे नाटक त्यांनी स्वतः लिहिले. केशवराव १९७७ साली निवर्तले. त्यानंतर ज्योत्स्नाबाई जवळजवळ पाव शतक जगल्या. दरम्यान १९६१ साली त्यांचा गोवा स्वतंत्र झाला होता, आणि मराठी नाटकात स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करणे ही इतकी साधी गोष्ट झाली होती की, त्यासाठी कधी झगडावे लागले हे नव्या प्रेक्षकांना सांगावे लागे.

५ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात टिळक रस्त्यावरील हिराबाग येथे त्यांच्या नावाचे सभागृह आहे.