मुद्दलाला हात न लावता

परवा टोकियोहून आलेल्या भाच्यानं माझ्या हातात पाच हजार येनची नोट ठेवली. उभा जन्म बँकेत गेल्यामुळे असेल, नवी नोट दिसली की मी ती आधी उजेडाकडे धरतो. जुलै २०२४ मध्ये चलनात आलेल्या या नोटेवर एका बाईंचा चेहरा आहे. त्सुदा उमेको. त्यांचं चरित्र वाचत गेलो आणि एक जुना कर्जाचा अर्ज डोळ्यांपुढे आला. त्याविषयी शेवटी सांगतो.

उमेचा जन्म १८६४ चा, एदोतला, म्हणजे आजच्या टोकियोतला. १८७१ साली जपान सरकारनं पाच मुलींना शिक्षणासाठी अमेरिकेला धाडलं. त्यात ही सर्वांत धाकटी, जेमतेम सहा वर्षांची. मुदत दहा वर्षांची. आपण या वयाचं पोर चार दिवस आजोळी पाठवतानाही दहा सूचना देतो! वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाऊनमध्ये लॅनमन दांपत्यानं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं.

१८८२ साली ती मायदेशी परतली, तेव्हा मायबोली पार विसरली होती. घरच्यांशी बोलायची पंचाईत. त्याहून मोठा धक्का पुढेच होता. ज्या सरकारनं एवढा खर्च केला, त्याच्याकडे तिच्यासाठी कामच नव्हतं. शिकून आलेल्या मुलग्यांना पदं मिळत; मुलींनी लग्न करावं, एवढीच अपेक्षा. बरोबरच्या मैत्रिणींनी केली. उमेनं केलं नाही. पुढे ती सरदार घराण्यांतल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागली.

१८८९ साली रजा काढून ती पुन्हा अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर कॉलेजात. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्या याच फिलाडेल्फियात. उमेनं जीवशास्त्र घेतलं. पुढे नोबेल मिळवणाऱ्या थॉमस मॉर्गन यांच्याबरोबर तिनं बेडकाच्या अंड्यावर संशोधन केलं. तिथंच राहती, तर शास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला येती. पण तिच्या मनानं वेगळंच घेतलं होतं.

आपल्याला मिळालं ते सरकारच्या मर्जीनं. मर्जी फिरली की पुढच्या मुलींची वाट बंद, हे तिनं ओळखलं. फिलाडेल्फियातल्या बायकांना हाताशी धरून तिनं निधी उभारायला घेतला. ८००० डॉलर जमवायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजावर एकेक जपानी मुलगी अमेरिकेत शिकवायची! माझ्यातल्या बँकवाल्यानं इथं मनोमन हात जोडले.

त्या व्याजावर शिकलेल्या कावाई मिचि यांनी १९२९ साली टोकियोत मुलींची शाळा काढली. होशिनो आइ यांनी उमेच्या मागे तिचीच संस्था सांभाळली. ही संस्था उमेनं १९०० साली अवघ्या दहा विद्यार्थिनींवर सुरू केली होती. १९२३ च्या भूकंपात ती बेचिराख झाली, तेव्हा अमेरिकेतूनच पुन्हा मदत आली. १९२९ साली उमे गेली. तिची संस्था आज त्सुदा विद्यापीठ आहे.

आता तो अर्ज. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एका शिक्षकाच्या मुलीला परदेशात प्रवेश मिळाला होता. तारण काही नव्हतं. नियमाप्रमाणे मी अर्ज फेटाळला. पण खरं सांगायचं तर निर्णय नियमानं केलाच नव्हता. मुलगी आहे, उद्या लग्न होऊन जाईल, हप्ते कोण भरणार, हा विचार माझ्या मनात आधी आला होता. तारणाचं कारण मी मागाहून लिहिलं.

मुकाट्यानं कागद गोळा करणारे ते मास्तर मला अजून दिसतात.

नोट बदलून आणू का, असं भाचा विचारत होता. म्हटलं, राहू दे.